काळी चारची दुरुस्ती

तीर्थरूप मामांच्या उजव्या खांद्यास, आणि त्यामागोमाग उरलेल्या मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे आई, मी आणि तुमचं व्हायोलिन असे तिघंही ठीक आहोत. तुमचा हात आता किती वर जातो ते कळवावं. "बरा आहे" असं कळवू नये, त्यावरून काहीच समजत नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहावं, हात बाजूने वर न्यावा, जिथे थांबेल तिथे मामींनी पेन्सिलने खूण करावी आणि खुणेचं जमिनीपासूनचं अंतर मला पाठवावं. पडदा लावण्यासाठी स्टुलावर चढायची तुम्हाला काय गरज होती, या विषयावर मी काही बोलणार नाही. (त्या स्टुलाचा एक पाय नऊ मिलिमीटर आखूड आहे हे मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही त्याखाली पुठ्ठा घातलात आणि विषय मिटला असं समजलात.) मामींना नमस्कार. त्यांची झोप पुरी होते का, हेही कळवावं. खांदा तुमचा दुखत असला तरी कण्हणं त्यांना ऐकावं लागतं.

तुमचा निरोप मिळाला. तो तुम्ही मामींना सांगितलात, मामींनी फोनवर आईला सांगितला, आईने तो अगदी नीट लक्षात ठेवला, आणि तुमच्या जागी मी बाईंना व्हायोलिनची साथ केली त्या कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्या हाती दिला. "दादा म्हणत होता, तंबोऱ्याच्या पेटीच्या बटणाला हात लावू नकोस म्हणावं." मी हातातला टॉवेल तसाच खाली ठेवला. या निरोपाला मामींनी स्वतःची पुस्तीही जोडली होती. बाईंना कळलं तर त्या गाणं सोडतील, आणि बाईंनी गाणं सोडलं तर हे चोवीस तास घरात असतील. मामींचा जीव यातल्या दुसऱ्या भागासाठी तुटतोय हे मला दिसतं, पण पहिला भागही खरा आहे. बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांनी गाण्याखेरीज काही केलेलं नाही, आणि ज्या दिवशी मला माझी काळी चारची पट्टी सोडावी लागेल त्या दिवशी मी घरी बसेन, असं त्यांनी चारचौघांत इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांना मागे फिरायला जागा नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न आहे तो एवढाच: बाईंना कळलं का? उत्तर देते. पण आधी घडलं ते क्रमाने सांगते, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते क्रमाशिवाय दिसणार नाही. (फोन केला नाही. तुमचा फोन मामींच्या हातात असतो आणि मामी तो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा धरतात.)

तुम्ही डाव्या हाताने लिहून पाठवलेल्या चौदा सूचना मी पाठ केल्या होत्या. बाईंच्या डावीकडे, अर्धा हात मागे बसायचं. त्या पाणी प्यायल्या की वाजवायचं, त्यांनी पेला ठेवला की थांबायचं. टाळ्या आल्या की मान खाली. मोज्याला भोक नसावं. चौदा सूचनांमध्ये मोज्याला एक अख्खी सूचना मिळाली आणि बटणाला अर्धीही नाही, याचं मला आधी नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. अकरा वर्षं चाललेली अफरातफर कोणी कागदावर लिहून देत नाही.

पहिली तालीम बाईंच्या घरी झाली. तिसरा मजला, लिफ्ट बंद, शेजारच्या घरात सुतारकाम चालू. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तू ती मोजमापवाली ना?" मी म्हटलं, हो, वजनकाटे आणि दाबमापक तपासते, बरोबर असतील तर हिरवी चिकटपट्टी लावते, नसतील तर लाल. बाई म्हणाल्या, "मला कुठली लावशील ते गाऊन झाल्यावर बघू." मग आम्ही तास-दीड तास वाजवलं. माझा एकही सूर हलला नाही, हे मी कौतुक म्हणून नाही, नोंद म्हणून सांगते. तरी बाईंनी मला चार वेळा थांबवलं. शेवटी त्यांनी तंबोऱ्याची पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "हे बघ. तुझे मामा कसे येतात? पाहुण्यांचा चहा झाला, पाहुणे उठले, दारापर्यंत गेले, की मग हळूच येऊन कप उचलतात. तू पाहुण्याच्या हातातून कप काढून घेतेस. त्याचा घोट अजून राहिलेला असतो." तबलजी हसले. (तुमचे तबलजी महिन्याला सरासरी एक वाक्य बोलतात असं तुम्ही म्हणाला होतात. हसतात किती वेळा ते सांगितलं नव्हतं.) मी विचारलं, नेमकं किती मागे राहायचं, अर्धा सेकंद? बाईंनी तबलजींकडे पाहिलं. तबलजींनी छताकडे पाहिलं. शेजारचा सुतार तेवढ्यात ठोकायचा थांबला होता, तोही उत्तराची वाट बघतोय असं वाटलं.

तालमीनंतर तुमची ती विजेवर तंबोऱ्याचा सूर धरणारी पेटी मी घरी आणली, आणि इथून पुढे सगळा दोष माझा. मी ती तपासायला नको होती. पण मामा, मी माझ्या टेबलावर ठेवलेली वस्तू न तपासता उचलू शकत नाही; आईचा ताप मोजायच्या आधी मी थर्मामीटर तपासते. मी पेटी सुरू केली, काटा काळी चारवर होता, आणि आवाज काळी चारचा नव्हता. षड्ज दोनशे सात पूर्णांक सात हर्ट्झ हवा, तिथे एकशे त्र्याण्णव येत होता. सात टक्के कमी. आमच्याकडे अर्धा टक्का फरक निघाला तर दुकानदाराला लेखी जाब द्यावा लागतो. मी मागचं झाकण उघडलं, बटणाचा स्क्रू सैल केला, बटण उपसलं. खाली डिंक होता, थरावर थर, आणि बटणाच्या दांड्यावर ओळीने अकरा बारीक रेघा होत्या. त्यांची मी "झीज" अशी नोंद केली. मग डिंक खरवडून काढला, दांडा पुसला, बटण बरोबर जागी बसवलं, तीनदा मोजून खात्री केली आणि पेटीच्या बुडाला हिरवी चिकटपट्टी लावली: तपासले, बरोबर आहे, तारीख, सही. त्या दिवशी मला फार शांत झोप लागली. तुम्ही परत आल्यावर किती खूश व्हाल याचाही विचार करून झाला.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात. टेबलं भिंतीला लावली होती, वर्तमानपत्रांचे दांडे खिडकीत उभे केले होते, आणि बाईंच्या डोक्यावर बरोबर मधोमध "शांतता राखा" असा बोर्ड होता, तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. ऐकायला सत्तर-ऐंशी माणसं. पहिल्या रांगेत तुमचे ते साप्ताहिकात लिहिणारे, ज्यांना तुम्ही कानसेन म्हणता. (त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.) गाणं सुरू व्हायच्या आधी ते मंचाशी आले, पेटीवर वाकले, चष्मा कपाळावर सरकवून काटा पाहिला, आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काळी चार." कक्षात पसंतीची कुजबुज झाली. म्हणजे इतकी वर्षं ते पट्टी कानाने नाही, डोळ्यांनी ओळखत होते. हे तुम्हाला माहीत असणारच. तुमचा सगळा व्यवहारच त्यावर उभा होता. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी मनात म्हटलं, आज पहिल्यांदा काटा जे दाखवतोय तेच आत आहे.

तबलजींना काहीतरी जाणवलं. ते तबला पेटीशी जुळवायला बसले आणि हातोडी ठोकतच राहिले. ठोकलं, ऐकलं, परत ठोकलं. पाच मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि त्यांचं त्या महिन्याचं वाक्य खर्च केलं. "आज वर आहे का?" मी म्हटलं, वर नाही, बरोबर आहे, मी दुरुस्त केलं. ते माझ्याकडे बघत राहिले. तुम्ही कधी एखाद्याला बस चुकल्यावर रिकाम्या रस्त्याकडे बघताना पाहिलंय का, तसे. मग वाचनालयाच्या चिटणीसांनी माइक हातात घेतला आणि बाईंची ओळख करून दिली. तीत "चाळीस वर्षांत ज्यांनी आपली पट्टी सोडली नाही" हे वाक्य दोनदा आलं, कारण पहिल्यांदा माइक बंद होता.

सुरुवात चांगली झाली. खालच्या सुरांत बाईंना उलट सोपं जात होतं, आवाज भरून येत होता. मी ठरवल्याप्रमाणे मागे होते. (मी अर्धा सेकंद ठरवला होता. मनातल्या मनात "एक" म्हणायचं आणि मग गज टेकवायचा. तुम्हाला हसू येईल, हसा.) पण बाईंनी दोनदा कानाला हात लावला, दोनदा पेटीकडे पाहिलं, काटा काळी चारवर होता, म्हणून परत समोर पाहिलं. पाणी प्यायल्या. मी वाजवलं. पेला ठेवला. मी थांबले. आणि मग त्या वरच्या षड्जाकडे निघाल्या. मामा, तुम्ही त्यांच्या मागे सव्वीस वर्षं बसलात, त्या कशा निघतात हे तुम्हाला मी सांगणार नाही. एकेक सूर घेत, कुठेही घाई नाही, सगळा कक्ष बरोबर घेऊन, आणि शेवटच्या पायरीवर आवाज थांबला. फाटला नाही, बेसूर झाला नाही. फक्त एक पायरी आधी संपला, जसा एखाद्याचा हात फळीवरच्या डब्यापर्यंत पोचत नाही. आणि माझं व्हायोलिन सवयीने पुढे गेलं आणि त्या षड्जावर जाऊन उभं राहिलं. अचूक. चारशे पंधरा पूर्णांक तीन. डबा कुठे आहे ते सगळ्यांना दाखवत. त्याहून वाईट साथ कोणी कधी केली असेल तर मला कळवू नका.

बाई वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण जिना चढताना दम लागलाय हे मागून येणाऱ्याला दिसलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. कानसेनांची मान डोलायची थांबली होती. तबलजी ठेका न सोडता, ओठ न हलवता, पुटपुटले, "दर वर्षी एक रेघ. मामांनी." त्या महिन्याचं दुसरं वाक्य. आणि मला दांड्यावरच्या त्या अकरा रेघा आठवल्या. ती झीज नव्हती. वर्षातून एकदा बटण उपसायचं, दांडा एक रेघ मागे फिरवायचा, डिंकाने काटा परत काळी चारवर चिकटवायचा, आणि पुढचं वर्षभर बाईंच्या मागे बसून काही झालंच नाही असं वाजवायचं. अकरा वर्षं. रेघेला एक पूर्णांक तीन हर्ट्झ, वरखाली नाही. मामा, तुमच्याकडे साधं मोजायचं यंत्र नाही, आणि रेघांमधलं अंतर जवळजवळ सारखं आहे. मी तेव्हापासून त्याचा विचार करते आहे.

बाई परत निघाल्या होत्या. त्या मागे फिरणाऱ्यांतल्या नाहीत. पेटी तिच्या सुरावर ठाम होती, बाई त्याच्या थोड्या खाली पोचणार होत्या, आणि मला दोघींपैकी एकीची साथ करायची होती. मी बाईंची केली. म्हणजे मी बोट खाली सरकवलं आणि त्यांच्याबरोबर बेसूर वाजवलं, मोठ्याने, जाणूनबुजून, आयुष्यात पहिल्यांदा. (किती खाली होते ते मोजलेलं नाही. अर्धी पट्टी असावी. अंदाज लिहिण्याचीही ही पहिलीच वेळ.) परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. गळा आणि व्हायोलिन दोन्ही एका जागी आहेत आणि काहीतरी खटकतंय, म्हटल्यावर लोक कोणाकडे बघणार? चाळीस वर्षं न चुकलेल्या बाईंकडे, की मागे बसलेल्या नव्या पोरीकडे? कानसेन शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "व्हायोलिन उतरलंय." त्यांचं कानात बोलणं सातव्या रांगेपर्यंत जातं. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी माझ्याकडे इतक्या कणवेने पाहिलं की मला वाटलं त्या आता उठून मला पाणी देतील.

एकदा व्हायोलिन उतरलंय असं ठरलं की वादकाला तारा लावायला वाकावं लागतंच, आणि पेटी माझ्या गुडघ्याशी होती. मी घाम पुसायचा रुमाल बटणावर टाकला. एका हाताने खुंटी पिळायची, दुसऱ्याने रुमालाखालचं बटण एक रेघभर खाली. दीड हर्ट्झच्या आतला फरक एकदम कानाला कळत नाही असं पुस्तकात आहे. कानसेनांच्या बाबतीत ती जोखीमही नव्हती. तबलजींना एक शब्द सांगावा लागला नाही. मी वाकले की ते तबला उतरवायला त्याच्या वादीवर उलटी हातोडी मारायचे, एकदाच, जणू ठेक्यातलाच घाव आहे. पुढची वीस मिनिटं आम्ही असे सगळे मिळून उतरत होतो, गाणं चालू ठेवून, जसं घरात कोणाची झोप मोडू न देता कपाट सरकवावं. एक रेघ, थांबायचं, बाईंनी दोन ओळी गायच्या, दुसरी रेघ. सहाव्या रेघेला चिटणीसांची चिठ्ठी आली. "दुसरे व्हायोलिन उपलब्ध नाही. हार्मोनियम आहे. आणू का?" मी मान हलवली. सातव्या रेघेला माझी वरची तार खुंटीवरून घसरली आणि मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखा आवाज आला, तोही माझ्याच खात्यात गेला. आठव्या रेघेला कानसेन डोळे मिटून बसले, दुःखाने. नवव्या रेघेला, मामा, मला हसू यायला लागलं. मी मंचावर बसून, ऐंशी लोकांसमोर, अंगावर अपमान घेत, ओठ दाबून हसत होते, आणि शेजारी तबलजींचे खांदे हलत होते. इतकी मजा मला कुठल्याच बरोबर वाजवण्यात आलेली नाही. ती का आली याचं कारण मी शोधते आहे, सापडलं की कळवते.

अकरा. बाई तिसऱ्यांदा निघाल्या. मी "एक" म्हणायचं विसरले. त्या चढत गेल्या, शेवटच्या पायरीवर आल्या, आणि पायरी तिथे होती. त्यांनी षड्ज लावला आणि तिथेच राहिल्या. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. खिडकीतले वर्तमानपत्रांचे दांडे वाऱ्याने खडखडत होते तेही थांबल्यासारखं वाटलं. (थांबले नव्हते. वाटलं, एवढंच लिहिते.) मी वाजवलंच नाही. बाईंचा घोट पुरा होईपर्यंत थांबले, त्या सुरावरून उतरायला लागल्या तेव्हा गज टेकवला, आणि त्या जिथून उठल्या होत्या तिथे जाऊन बसले. जागा अजून गरम होती. बाईंनी न वळता, उजव्या हाताच्या दोन बोटांनी, मांडीवर एकदा टिचकी मारली. तुम्हाला त्या असं कधी करतात का? मला तेव्हा हातात काहीतरी झालं, त्याचं एकक मला माहीत नाही.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांच्या नजरा बाईंवर होत्या. तेवढ्यात मी रुमालाखालचं बटण परत काळी चारवर नेऊन पेटी बंद केली. बरं झालं, कारण कानसेन सरळ पेटीकडेच आले, वाकले, चष्मा वर, काटा पाहिला आणि म्हणाले, "काळी चार. या वयात." मग माझ्याकडे वळले. "मुली, तारा बदल." मी हो म्हटलं. बाई म्हणाल्या, "लहान आहे, शिकेल," आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरात. या आठवड्याच्या अंकात त्यांनी लिहिलंय की गायन नेहमीप्रमाणे निर्दोष, व्हायोलिनची साथ मात्र आरंभी उतरलेली आणि पुढे केवळ सहनीय. आईने ते कात्रण "सहनीय" शब्दाखाली रेघ मारून फ्रिजवर लावलंय. आमच्या साहेबांनीही वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारलं, तुम्ही मोजमाप विभागातच आहात ना? मी म्हटलं, सध्या तरी.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बाईंना काही कळलेलं नाही. गाणं झाल्यावर त्यांनी चिटणीसांना स्वतःहून सांगितलं की आज आवाज तापायला जरा वेळ लागला, हवा दमट होती. माझ्याबद्दल त्यांचं मत एवढंच झालं की मला तारा लावता येत नाहीत, आणि ते मत मी बदलू देणार नाही. मामींना सांगा, बाई गातायत, तुम्ही घरात बसणार नाही, काळजीचं कारण नाही. खांद्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये पाठवावं.

तुमची,
भाची

ता. क. पेटी मी पूर्वीसारखी करून ठेवली आहे. काटा काळी चारवर, आवाज एकशे त्र्याण्णव, डिंकासकट. बुडाची हिरवी चिकटपट्टी निघत नाही, आम्ही ती न निघणारीच बनवून घेतो. "तपासले, बरोबर आहे" असं तिच्यावर लिहिलंय, आणि आता मला ते खोटं वाटत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र पाकिटात घालत असतानाच बाईंकडून माणूस आला. तुमच्यासाठी चिठ्ठी आहे, पत्रासोबत पाठव, असा निरोप. चिठ्ठी घडी केलेली होती, चिकटवलेली नव्हती. मी ती वाचणार नव्हते.

ता. क. तिसरा. वाचली. मूळ चिठ्ठी सोबत आहे, पण ती पाकिटातून कुठे निसटली तर असू दे म्हणून इथे उतरवते. "खांद्याला जपा. तुमची भाची गुणी आहे, स्वतःवर घेते. यंदा वरचा सा पुन्हा लांब गेलाय, अजून एक रेघ लागेल. पण नेहमीसारखंच करा, मला कळू देऊ नका. आणि पोरीला सांगू नका, ती मोजत बसेल." मी वर "नाही" असं उत्तर लिहिलंय ते चूक निघालं. आमच्याकडे नोंद खोडत नाहीत, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करतात. तशी सही केली आहे असं समजावं. बाईंना अकरा वर्षं माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, आता आहे. ते त्यांनीच लिहून कळवलं असलं तरी तुम्ही त्यांच्यासमोर तसं दाखवू नये. आणि मला यातलं काहीच माहीत नाही. तबलजींना सगळं माहीत असणार, पण त्यांची वाक्यं संपली आहेत.

ता. क. चौथा. हे पत्र खरं म्हणजे यासाठी होतं. पुढच्या महिन्यात बाईंचे दोन कार्यक्रम आहेत आणि डॉक्टर तुम्हाला सहा आठवडे म्हणतात. बारावी रेघ मला मारू द्याल का? किती खाली ते आकड्यात कळवू नका. बाईंच्या मागे बसून तुम्ही ते कसं ओळखता, ते मला शिकायचं आहे, रविवारी येते. आणि सहा आठवड्यांनंतरही, तुमचा हात पूर्ण वर जायला लागला तरी, अधूनमधून मला बाईंच्या मागे बसायचं आहे. हे वाक्य आधी कंसात होतं. बाहेर काढलं.